तहानलेल्या ज्वारीतले विष

ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली की गुडघ्याएवढी ज्वारी माना टाकते. आता हे पीक काही हाती लागत नाही, निदान जनावराच्या पोटात तरी जाऊ दे, असे म्हणून कोणीतरी गाय त्यात सोडतो. थोड्याच वेळात गाईला धाप लागते, तोंडाला फेस येतो, पाय लटपटतात आणि ती कोसळते. कोवळी ज्वारी बाधली, असे मग म्हटले जाते. बाधलेले असते ते सायनाइड, आणि ते ज्वारीने स्वतःच तयार केलेले असते.

ज्वारीचा रोख अर्थात गाईवर नसतो. तिला पाने कुरतडणाऱ्या अळ्यांना आवरायचे असते. कोवळ्या पानांच्या पेशींत ती ‘धुरिन’ नावाचे रसायन साठवते. धुरिन तसे निरुपद्रवी. ते फोडणारे विकर त्याच पानात, पण वेगळ्या कप्प्यात ठेवलेले असते. अळीने पान चावले की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि क्षणात हायड्रोजन सायनाइड सुटते. स्फोटक आणि वात वेगवेगळ्या खोल्यांत ठेवावेत आणि चोराने मधली भिंत पाडावी, तसा हा प्रकार. पळून जाता येत नाही, हात उगारता येत नाही, अशा जिवाने आणखी काय करावे?

दुष्काळात हे विष वाढते, आणि इथेच तहान आणि कीड या दोन संकटांची गाठ पडते. पाणी तुटले की रोपाची वाढ थांबते, पण मुळांनी आधी घेतलेला नत्र आत शिल्लक असतो. तो धुरिनच्या रूपात साठत जातो. धुरिनमध्ये नत्र असतो आणि पुढे पाणी मिळाले की तो वाढीसाठी पुन्हा वापरता येतो, म्हणजे हे शस्त्र पेवासारखेही उपयोगी पडते. त्यामुळे युरिया टाकल्यावर पाऊस ओढ देतो तेव्हाची खुरटलेली ज्वारी सर्वांत धोक्याची. कापणीनंतर किंवा अवर्षणानंतर पाऊस पडून बुडख्यातून जे हिरवेगार फुटवे येतात, तेही तितकेच घातक. गुरांना हीच लुसलुशीत पाने आवडतात, हे त्यांचे दुर्दैव. पीक फुलोऱ्यात येईपर्यंत ते हिरवे चारू नये, हा सल्ला याच कारणासाठी दिला जातो. नीट वाळलेल्या कडब्यात धोका बराच उतरलेला असतो. जनावर कोसळलेच तर घरगुती उपायांत वेळ घालवण्यासारखी ही गोष्ट नाही. पशुवैद्यकाकडे सोडियम थायोसल्फेटसारखा उतारा असतो, पण तो लवकर टोचला गेला तरच उपयोग.

भाकरी खाणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. पक्व दाण्यात धुरिन जवळजवळ नसते. ते तयार होते दाणा रुजायला लागल्यावर. म्हणून मुगा-मटकीप्रमाणे ज्वारीला मोड आणून ते कोंबांसकट कच्चे खाण्याचा प्रयोग मात्र कोणी करू नये. आरोग्याच्या नावाखाली हल्ली कशालाही मोड आणले जातात, म्हणून हे सांगायचे.

मग बिनविषारी ज्वारीच का तयार करू नये? तसा प्रयत्न झाला आहे. धुरिन अजिबात न बनवणारी झाडे शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत निवडून काढली. गुरांना ती निर्धोक, पण रोपावस्थेत त्यांची वाढ मंद दिसली. अमेरिकन लष्करी अळीपुढे अशी पाने आणि नेहमीची पाने ठेवली, तेव्हा अळीने बिनविषारी पानांवर जास्त ताव मारला. ही अळी २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा आढळली आणि लवकरच महाराष्ट्रातल्या मक्यावर व ज्वारीवरही आली. तेव्हा ढाल काढून घेण्याआधी विचार करावाच लागतो.

या ढालीला एक मोठे भोकही आहे. मावा पाने चावत नाही. तो सुईसारखी सोंड पेशींच्या मधून नेमकी रसवाहिनीत घालतो. पेशी फारशा फुटत नाहीत, त्यामुळे सायनाइडचा सापळा उडतच नाही. रब्बी ज्वारीवर ढगाळ हवेत मावा पडला की पाने तेलकट, चिकट होतात. हाच तो ‘चिकटा’. त्यावर पुढे काळी बुरशी चढते, दाणा बारीक राहतो आणि कडब्याची किंमत उतरते. सोलापूरकडच्या शेतकऱ्याला कडबा हा दाण्याइतकाच महत्त्वाचा, म्हणजे घाव दोन्हीकडून.

तहानलेले झाड माव्याला आवडते की नाही, यावर कीटकशास्त्रज्ञ बराच काळ वाद घालत आले. कोरड पडली की रस घट्ट होतो, त्यात अमिनो आम्ले वाढतात, म्हणजे माव्याची चंगळ. पण त्याच वेळी रसाचा दाब घटतो आणि सोंडेतून तो ओढणे कठीण होते. सलग कडक दुष्काळात मावाही उपाशी राहतो. त्याचे खरे फावते ते अधूनमधून पाणी मिळणाऱ्या, अर्धवट सुकलेल्या पिकात. आपल्याकडचे बहुतेक कोरडवाहू पीक याच अवस्थेत असते.

झाडाच्या आत या दोन्ही संकटांचे निरोप वेगवेगळी रसायने नेतात. माती सुकू लागली की ॲबसिसिक आम्ल पानांपर्यंत पोहोचते आणि पर्णरंध्रे मिटतात. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. स्वयंपाकघरातला धूर बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावली आणि ताजी हवाही बंद झाली, असे होते. अळीने चावा घेतला की जॅस्मोनिक आम्ल वाढते. चमेलीच्या सुगंधी तेलातल्या एका घटकावरून हे नाव पडले. रस शोषणाऱ्या किडी आणि काही रोग यांच्यासाठी सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे ॲस्पिरिनचे जवळचे नातलग. पहिली दोन पुष्कळदा एकमेकांना साथ देतात, तर तिसरे बहुधा दुसऱ्याला दाबते. म्हणून एका किडीशी लढणारे झाड दुसरीपुढे उघडे पडू शकते.

शेतकऱ्याची खरी कोंडी होते ती पेरणीच्या तारखेवर. मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी पेरायची ती पावसाळ्याने मागे ठेवलेल्या ओलाव्यावर. लवकर पेरावी तर खोडमाशी टपलेली. ती पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरे अंडे घालते. बारीक अळी पोंग्यातून खाली उतरते, वाढीचा कोंब कापते आणि मधले पान सुकते. ही पोंगेमर. उशिरा पेरावी तर माशी टळते, पण ओलावा उडून जातो आणि दाणे भरताना झाड तहानेने व्याकूळ. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही शिफारस म्हणजे या दोन भीतींमध्ये केलेली तडजोड आहे.

इथे निसर्गाने एक सवलत दिली आहे. काही वाणांच्या रोपांची पाने चकचकीत, तुकतुकीत असतात. अशा रोपांच्या पोंग्यावर पाण्याचा पातळ थर कमी साचतो. खोडमाशीच्या अळीला खाली घसरत जायला तोच थर लागतो. अशी चकचकीत रोपे कोवळ्या वयात पाण्याचा ताणही बरा सोसतात, असे ज्वारीच्या अभ्यासकांना आढळले. एकाच गुणात दोन्ही संकटांवर थोडा थोडा उतारा, असे क्वचित मिळते.

शेवटची परीक्षा दाणे भरताना. पानांकडून अन्न पुरेना झाले की ज्वारी खोडातली साखर उपसून कणसाकडे पाठवते. खोड पोकळ, दुबळे होते आणि मातीतली बुरशी मुळांतून वर चढते. हा खडखड्या. ताटे वाऱ्यात आडवी होतात आणि आतून काळी निघतात. ज्या वाणांची पाने शेवटपर्यंत हिरवी राहतात, ते यातून वाचतात. त्यांचे रहस्य बरेचसे काटकसरीत आहे. फुलोऱ्याआधी फुटवे कमी, पानांचा पसारा कमी, म्हणून जमिनीतले पाणी दाण्यांसाठी शिल्लक. इथिओपियातल्या ज्वारीतून आलेला हा गुण आता इतर वाणांत उतरवला जात आहे.

१९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेली मालदांडी ३५-१ अजूनही रब्बीत पेरली जाते. नंतर अनेक वाण आले, त्यांतल्या काहींचे उत्पादन जास्तही आहे. तरी मोत्यासारखा दाणा, भाकरीची चव आणि गुरे आवडीने खातात तो कडबा यांमुळे मालदांडीची जागा सहजासहजी कोणाला घेता आलेली नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण तीही जमिनीतल्या ओलाव्यावरच जगते, म्हणून पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपे धरून जमिनीच्या भेगा बुजवण्याचे काम तिच्या शेतातही चुकत नाही.