क्रमांक कोणाच्या पंक्तीतला?

टेक्सासमध्ये स्थायिक असलेल्या माझ्या पुतणीचा परवा फोन आला. तिची कन्या नुकतीच अकरावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. तरीही आईच्या स्वरात खंत होती. "काका, गुण भरपूर आहेत, पण शाळेत ती पहिल्या आठ टक्क्यांत आली. ऑस्टिनच्या विद्यापीठाचा थेट प्रवेश हुकला!"

गुणांहून क्रमांक मोठा कसा? याचे उत्तर इतिहासात आहे. १९९६ मध्ये हॉपवूड खटल्याच्या निकालाने तेथील विद्यापीठांना प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यास मनाई झाली. त्यावर उपाय म्हणून आमदार इर्मा रँगेल यांनी मांडलेले विधेयक १९९७ मध्ये संमत झाले. शाळेतील पहिल्या १० टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत प्रवेशाची हमी मिळाली. मग ती शाळा ह्यूस्टनच्या सधन उपनगरातील असो वा मेक्सिको सीमेवरील गावातील.

बँकेत कर्जप्रकरणे तपासताना आम्ही अर्जदाराचे भांडवल पाहत असू. परंतु त्या तुटपुंज्या भांडवलावर त्याने काय उभे केले, हेही पाहत असू. या कायद्याची दृष्टी मला तशीच वाटते.

अर्थात, त्यालाही मर्यादा आहेत. नामवंत शाळेतील अकराव्या टक्क्यावरचा विद्यार्थी अन्य शाळेत कदाचित पहिला आला असता. शिवाय हमी विद्यापीठाची असते, हव्या त्या शाखेची नव्हे. आणि प्रवेश मिळाला म्हणजे शुल्काची सोय झाली, असेही नाही. ऑस्टिन येथे तर बहुतेक जागा याच मार्गाने भरू लागल्या. म्हणून २००९ मध्ये राज्यातील विद्यार्थ्यांच्या ७५ टक्के जागांपुरतीच ही हमी मर्यादित झाली. परिणामी तेथील अट पुढे ६ टक्क्यांवर आली आणि २०२६ च्या प्रवेशासाठी ५ टक्क्यांवर.

मी पुतणीला म्हटले, "अगं, ऑस्टिनच्या उरलेल्या जागांसाठी अर्ज करता येईलच, इतर सार्वजनिक विद्यापीठांत १० टक्क्यांची हमी आहेच. आणि हुकलेली जागा सीमेवरच्या एखाद्या मजुराच्या मुलीला मिळाली, तर ती आपल्या लेकीकडून कोणी हिरावली, असे म्हणायचे का?"

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "काका, हे तुम्हीच तिला सांगा." फोन नातीच्या हाती आला, तेव्हा मात्र मला शब्द जपून योजावे लागले.