नोंदीला धनी हवा

लष्करी विमानांच्या सुट्या भागांतील गोंधळाची चर्चा निघाली की ती बहुधा किमतीवर येऊन थांबते. १९८०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या ४३५ डॉलरच्या हातोड्याने असेच काहूर माजले. त्या आकड्याचा मोठा भाग हिशेबपद्धतीचा होता. कंत्राटातला वरखर्च यादीतल्या लहानमोठ्या सर्व वस्तूंवर सारखा वाटला गेल्याने साधा हातोडा सोन्याचा झाला. याचा अर्थ लूट होतच नाही असा नव्हे. सी-१७ मालवाहू विमानांच्या साबणपात्रांसाठी हवाई दलाने बाजारभावाच्या ८० पटींहून अधिक पैसे मोजले, हे तिथल्या संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनीच २०२४ मध्ये दाखवून दिले. ही उधळपट्टी थांबलीच पाहिजे. मात्र महागडा भाग तिजोरी रिकामी करतो, तर चुकीची नोंद विमानच जमिनीवर बसवते. कोणता भाग कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे आणि कोणत्या विमानाला बसेल, या तीन प्रश्नांच्या खऱ्या उत्तराची जबाबदारी कुणा एकावर नसणे, हा या व्यवस्थेचा मूळ रोग आहे.

तो किती खोल जातो, हे तैवानच्या प्रकरणात दिसले. २००६ मध्ये तैवानला हेलिकॉप्टरच्या बॅटऱ्या पाठवायच्या होत्या. युटातील हिल हवाई तळावरच्या कोठारातून गेले ते मिनिटमन क्षेपणास्त्राच्या टोकाचे चार भाग. त्यात अण्वस्त्राच्या स्फोटासाठी लागणारी विद्युत यंत्रणा होती. दर तिमाहीला साठ्याची पडताळणी व्हायची, तरीही हे भाग कमी असल्याचे कुणाला कळले नाही. चूक उघड झाली मार्च २००८ मध्ये. पडताळणीचा नियम होता, तक्ते होते, सह्याही होत्या. खोक्यात नेमके काय आहे याची हमी देणारा माणूस तेवढा नव्हता.

एफ-३५ या अमेरिकी लढाऊ विमानाच्या बाबतीत हाच दोष फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०१९च्या अहवालानुसार, मे ते नोव्हेंबर २०१८ या काळात सुट्या भागांअभावी ही विमाने जवळपास ३० टक्के वेळ उडू शकली नाहीत. मोहिमेसाठी मरीन कोअरने आधीच घेऊन ठेवलेल्या भागांपैकी सुमारे ४४ टक्के भाग सोबत नेलेल्या विमानांना चालणारेच नव्हते, कारण मधल्या वर्षांत विमानांत बदल होत गेले आणि खरेदीची यादी जुनीच राहिली. त्याच वर्षी महानिरीक्षकांनी आणखी एक बाब पुढे आणली. भाग हँगरपर्यंत पोहोचत होते, पण त्यांच्यासोबतची इलेक्ट्रॉनिक नोंद अपुरी असे, आणि ती जुळवण्यात तंत्रज्ञांचे श्रम खर्ची पडत.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. विमानाच्या सुरक्षिततेसाठी कागदपत्रे लागणारच, हा पहिला. तो खरा आहे. किती तास वापरला गेला हे ठाऊक नसलेला भाग बसवणे म्हणजे वैमानिकाच्या जिवाशी खेळ. पण भागाचा इतिहास सांगणारी नोंद वेगळी आणि खरेदीच्या फाइलवर चढत जाणाऱ्या सह्या वेगळ्या. प्रत्येक घोटाळ्यानंतर सह्या वाढतात, नोंद तशीच राहते. दुसरा आक्षेप असा की, हे काम खासगी हाती दिले की सुधारेल. एफ-३५चा साठा कंत्राटदारांच्याच हाती होता. २०१८ पासून त्यातले साडेआठ कोटी डॉलरहून अधिक किमतीचे दहा लाखांवर भाग गहाळ, खराब किंवा नष्ट झाल्याचे लेखापरीक्षण कार्यालयाच्या २०२३च्या अहवालात नमूद आहे. हे भाग सरकारी मालमत्ता म्हणून नोंदवायचे की नाही, यावरच एकमत नव्हते.

आपल्यालाही हे परके नाही. ज्या सुखोई-३०ची बांधणी नाशिकजवळच्या ओझरला झाली, त्या ताफ्याची सज्जता ७५ टक्क्यांच्या निकषाऐवजी ५५ ते ६० टक्केच असल्याचे कॅगने २०१५ मध्ये नोंदवले आणि सुट्या भागांच्या तुटवड्याकडे बोट दाखवले. इथली कारणे सगळी अमेरिकेसारखी नाहीत. उपाय मात्र इथेही लागू पडतो. प्रत्येक भागाच्या नोंदीला एक नेमका जबाबदार अधिकारी हवा, आणि ती नोंद खोटी ठरवण्याचा अधिकार हँगरमधल्या तंत्रज्ञाला हवा. खरेदीखात्याचे यश किती फाइली निकाली निघाल्या यावरून नव्हे, तर रोज किती विमाने उडू शकली यावरूनच मोजले पाहिजे.