मोबाईलवरचे खेळ आणि दहावीचा अभ्यास

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाली की सहामाहीचे गुण घरोघरी पोचतात, आणि पुढचे दोन-तीन रविवार मिस्सानंतर आमच्याकडे येणाऱ्या आयांची संख्या वाढते. तक्रार बहुतेक एकच असते. मुलगा पुस्तक उघडून बसतो, पण पुस्तकाच्या आड मोबाईल असतो. "फादर, तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा," असे म्हणून आई डोळे पुसते. दोन शब्दांनी हे काम होत नाही असा आमचा अनुभव आहे. म्हणून या वेळी पिकांचा विषय बाजूला ठेवून या पानावर मोबाईलवरच्या खेळांविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

आपल्या बहुतेक घरांत मोठा मोबाईल आला तो 2020 साली. शाळा बंद झाल्या, मास्तर मोबाईलवर शिकवू लागले, आणि मुलाचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून कुणी शेळ्या विकल्या, कुणी उसाच्या बिलातले पैसे काढले. पोटाला चिमटा घेऊन जी वस्तू अभ्यासासाठी आणली तीच अभ्यासाच्या मुळावर आली, याचे दुःख आईबापांना अधिक आहे. शिवाय शेतीचे गणित सर्वांना ठाऊक आहे. आजोबांच्या दहा एकरांच्या वाटण्या होत होत नातवाच्या वाट्याला एकरभरही राहत नाही. अशा घरात दहावीच्या 625 पैकी किती गुण पडतात यावर आयटीआय, डिप्लोमा किंवा पी.यू.सी.ची वाट ठरते. तेव्हा हा विषय करमणुकीचा नसून पोटापाण्याचा आहे.

आधी हे खेळ असतात तरी कसे, हे आईवडिलांनी समजून घ्यावे. आमच्या लहानपणी विटीदांडू होता, गोट्या होत्या. अंधार पडला की डाव मोडायचा. मोबाईलवर आज जे खेळ अधिक चालतात त्यांतल्या एका प्रकारात शंभराच्या आसपास खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. एक डाव, म्हणजे मुलांच्या भाषेत एक मॅच, अर्ध्या तासापर्यंत चालते. ती मध्येच थांबवून ठेवता येत नाही. बरेचदा चौघांचा गट असतो. एकजण उठला तर बाकीचे तिघे अडचणीत येतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला बोल लावतात. म्हणून आई जेवायला हाक मारते तेव्हा "आई, दोन मिनिटं" असे उत्तर येते. त्या क्षणी मुलगा उद्धटपणा करीत असतोच असे नाही, तो मॅचमध्ये अडकलेला असतो. मॅच चालू असताना हातातून मोबाईल हिसकावला की भांडण ठरलेले. ती मॅच संपू द्यावी आणि पुढची सुरू होण्यापूर्वी शब्द पाळायला लावावा. एवढे ध्यानात ठेवले तरी घरातला अर्धा आरडाओरडा कमी होईल.

मॅच संपली तरी खेळ संपत नाही, ही त्यातली खरी गोम. रोज उघडल्याबद्दल बक्षीस असते, एक दिवस चुकला तर ते हुकते. पातळी चढवावी लागते, आणि ठरावीक काळाने ती पुन्हा खाली आणली जाते, म्हणजे चढण नव्याने सुरू. पेट्या असतात, त्यांतून काय निघेल ते आधी कळत नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळण्यापेक्षा कधी मिळतो, कधी नाही, असे केले तर कबूतर अधिक चिकाटीने चोच मारीत राहते. या पेट्या त्याच तत्त्वावर चालतात. बेल्जियमने तर 2018 साली पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात मोडतात असे ठरविले. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी 1998 साली आठ पुरुषांना पडद्यावरचा रणगाड्याचा खेळ खेळायला लावून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. खेळताना मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य अधिक सुटते असे त्यांना दिसले. हवीशी गोष्ट मिळविण्याची ओढ या द्रव्याशी जोडलेली आहे. अन्नाची, पैशाची, कौतुकाची ओढ तीच.

आता त्याच मुलापुढे भूमितीचे पुस्तक ठेवा. खेळात मिनिटामिनिटाला काहीतरी हाती लागते, अभ्यासाचे फळ मार्च-एप्रिलच्या परीक्षेनंतर दिसणार. अभ्यास म्हणजे उसाचे पीक आहे. लागण केल्यापासून वर्षभराने तोड, आणि बिल त्याच्याही नंतर. ज्याला मिनिटाला बक्षीस घेण्याची सवय लागली त्याला वर्षभराची वाट सोसवत नाही. तो आळशी आहे, बुद्धीने मंद आहे, असे म्हणून आपण त्याला घालूनपाडून बोलतो, ते बरे नव्हे.

सरकार बंदी का घालीत नाही, असे पुष्कळजण विचारतात. घालून झाली आहे. पबजीवर सप्टेंबर 2020 मध्ये बंदी आली. जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. जुलै 2022 मध्ये तोही काढला गेला आणि मे 2023 मध्ये पुन्हा आला. फ्री फायर फेब्रुवारी 2022 मध्ये बंद झाला, पण त्याचा 'मॅक्स' नावाचा भाऊ चालूच राहिला. दक्षिण कोरियाने 2011 साली सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत संगणकावरचे खेळ बंद केले होते. मुले मोबाईलकडे वळली आणि 2021 साली तो कायदाच मोडीत काढण्याचे ठरले. चीनने 2021 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सणाच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. पण वडिलांच्या नावाने खाते उघडणाऱ्या मुलाला कोणते सरकार अडविणार? घरानेच करावयाचे काम आहे हे.

ते कसे करावे? शेतात हरळी माजली की वरून खुरपून भागत नाही, हे तुम्हांला सांगायला नको. काशा जमिनीत राहिल्या की पंधरा दिवसांत ती पुन्हा डोके वर काढते. खेळाचेही तसेच. मुलगा रागाच्या भरात किंवा आईच्या रडण्याने विरघळून खेळ मोबाईलवरून पुसून टाकतो, पण त्याचे खाते शिल्लक असते. पुन्हा उतरवून घ्यायला दहा मिनिटे पुरतात, आणि मिळविलेली पातळी जशीच्या तशी समोर येते. खाते मोडले पाहिजे. आणि दुसरी काशी म्हणजे सोबती. एकट्याने सोडणे फार कठीण. बाकीचे तिघे रोज बोलावीत राहतात.

आमच्या माहितीतल्या एका गल्लीत दहावीतल्या तीन मुलांनी हे एकत्र सोडले. सहामाहीत तिघेही गणितात नापास होते. कुणी बळजबरी केली नाही; एकाच्या थोरल्या बहिणीने तिघांना बसवून रोजचे तास लिहायला लावले. मोबाईलच्या सेटिंगमध्ये कोणत्या गोष्टीवर किती वेळ गेला ते दिसते. आठवड्याचा आकडा छत्तीस तासांचा निघाला तेव्हा मुले स्वतःच गप्प झाली. नोव्हेंबरातल्या एका रविवारी तिघांनी एकमेकांसमोर खाती मोडली. पहिले आठ-दहा दिवस वाईट गेले. एकजण घरात सारखा चिडू लागला, दुसऱ्याला संध्याकाळी काय करावे ते सुचेना, तिसरा चक्क नऊ वाजता झोपू लागला. अशी चिडचिड व अस्वस्थता काही दिवस राहते. घरच्यांनी ती मनावर घेऊ नये आणि टोमणे मारू नयेत. नाताळच्या सुट्टीत त्यांतला एक मामाकडे गेला आणि मामेभावाच्या मोबाईलवर दोन दिवस खेळला. बाकीच्या दोघांना ते कळले, थोडी वादावादी झाली, आणि तो परत आला. त्याला हाकलून दिले असते तर तो गेलाच असता. तिघेही पास झाले. एकाला गणितात जेमतेम 35 पडले हेही सांगितले पाहिजे. सर्वांत अधिक गुण मिळविणारा आज डिप्लोमा करतो आहे.

त्यांना सर्वांत जड गेली ती संध्याकाळची सात ते नऊ ही वेळ. रान मोकळे ठेवले की तण उगवणारच. म्हणून हरळी काढल्याबरोबर तेथे काही पेरले पाहिजे. साडेपाच ते साडेसहा अंग घामाने भिजेल असा मैदानी खेळ असावा, कबड्डी असो की व्हॉलीबॉल. त्यानंतर अभ्यासाची जागा घराबाहेर मिळाली तर उत्तम. घरात टीव्ही, पाहुणे, लहान भावंडे असतात. आमच्या चर्चच्या सभागृहात परीक्षेच्या आधीचे चार महिने दिवा लावून ठेवतो, एक निवृत्त शिक्षक येऊन बसतात, आणि मोबाईल दारातल्या टोपलीत राहतात. याला खर्च काहीच नाही. नोट्स व्हॉट्सअॅपवर येतात, मोबाईल लागतोच, अशी सबब मुले सांगतात. ती खोटी नाही. पण नोट्स दिवसा वहीत उतरवून घेता येतात किंवा दुकानात छापून मिळतात.

अभ्यास कसा करावा याबद्दलही एक गोष्ट सांगावीशी वाटते. पुष्कळ मुले धडा पुन्हा पुन्हा वाचतात. वाचताना सारे कळल्यासारखे वाटते आणि परीक्षेत आठवत नाही. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिक या दोघा संशोधकांनी 2006 साली असा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग पडताळून पाहावे. जुन्या प्रश्नपत्रिकेतली पाच गणिते सोडवावीत आणि उत्तरे लगेच तपासावीत. खेळ सोडलेल्या मुलाला ही रीत विशेष मानवते, असे आम्ही पाहिले आहे. त्याला जिंकलो की हरलो हे तिथल्या तिथे कळण्याची सवय असते, आणि ही रीत अभ्यासातही ते कळवते. काल पाचपैकी दोन आली, आज तीन. मुलगा वहीच्या कोपऱ्यात आकडे मांडू लागतो.

झोपेची हेळसांड करू नये. या वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी, आणि दिवसा शिकलेले पक्के होण्याचे पुष्कळसे काम झोपेत होते. पांघरुणात मोबाईल घेऊन बारापर्यंत जागणारा मुलगा सकाळी वर्गात पेंगतो. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. गजर हवा म्हणून मोबाईल उशाशी लागतो असे मुलगा म्हणेल. त्याला बाजारातून एक साधे गजराचे घड्याळ आणून द्यावे.

वडील मंडळींनाही थोडे बोलणे भाग आहे. रात्री थ्री-फेज वीज येण्याची वाट पाहत बसलेले पुरुष मोबाईलवर लुडो खेळतात आणि आतल्या खोलीत मुलाला "अभ्यास कर" म्हणून ओरडतात. मुलगा त्यातून काय शिकतो ते तुम्हीच पाहा. काही घरांत रमीवर पैसेही लागत होते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. मुले पैसे न लावता जे खेळ खेळतात ते मात्र त्या कायद्याने बंद होत नाहीत.

खेळणे हे पाप आहे असे आमचे म्हणणे नाही. 7 सप्टेंबर 2025 रोजी रोममध्ये संत म्हणून घोषित झालेला कार्लो आकुतिस हा मिलान शहरातला मुलगा, 2006 साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारला. त्याच्याकडे प्लेस्टेशन होते आणि ते त्याला आवडतही असे. आठवड्यातून एक तास, एवढे माप त्याने स्वतःला घालून घेतले होते. ज्याला असे माप पाळता येते त्याने जरूर खेळावे. मुलाला एक आठवडा माप ठरवून द्या आणि पाहा. पाळले तर काळजीचे कारण नाही. तीन वेळा ठरवून तीनही वेळा मोडले तर त्याच्यासाठी निदान परीक्षेपर्यंत पूर्ण सोडणेच सोपे पडेल. थोडेथोडे खेळणे त्याला जमणारे नाही.

क्वचित याच्याही पुढची पायरी असते. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या यादीत खेळाच्या विकाराची नोंद केली असून ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. खेळावर ताबा राहत नाही, बाकी सर्व कामांपेक्षा खेळ वरचढ होतो, नुकसान दिसत असूनही तो चालू राहतो, आणि हे साधारण वर्षभर टिकते, तेव्हा डॉक्टर त्याला विकार म्हणतात. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच तो होतो. पण मुलाने शाळा सोडली असेल, जेवण-आंघोळ टाकली असेल, मोबाईल काढून घेतल्यावर मारायला धावत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलत असेल, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत 2014 पासून अशाच तक्रारींसाठी वेगळी सेवा आहे. तेवढे लांब जाणे होत नसेल तर टेली-मानस या सरकारी सेवेला 14416 वर फोन करावा. तो दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत, आणि आपल्या भाषेत बोलता येते. मुलगा बोलायला तयार नसला तरी आईने आधी एकटीने फोन करून विचारले तरी चालते.