लोणावळ्यात सदनिका घेताना पाऊस पाहा

मुंबई-पुण्याचे ग्राहक लोणावळ्यात घर पाहायला येतात ते बहुधा दिवाळीनंतर. तेव्हा रंग ताजा असतो, भिंती कोरड्या असतात आणि इमारतीचे दोष झाकलेले असतात. पुण्यात वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात तो 4000 मिलिमीटरच्याही पुढे जातो. घाटमाथ्याकडच्या मावळात इमारतीची परीक्षा हा पाऊसच घेतो. म्हणून आयुष्याची पुंजी गुंतविण्यापूर्वी सदनिका ऑगस्टमध्ये एकदा तरी पाहावी.

काँक्रीट अभेद्य दिसले तरी त्यात सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी आणि हवा सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजते, फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. ‘आयएस 456’ या भारतीय मानकाच्या 2000 सालच्या आवृत्तीत तीव्र पावसाला उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी किमान एम-30 प्रत आणि सळईवर 45 मिलिमीटरचे आवरण सांगितले आहे. सौम्य हवामानात 20 मिलिमीटर पुरते. हे आकडे आरसीसी सल्लागाराच्या नकाशांवर असतात. फरशीची कंपनी चौकसपणे विचारणारे ग्राहक ते नकाशे क्वचितच मागतात.

गिलाव्यावरच्या केसासारख्या भेगांनी घाबरू नये. वीटकाम आणि तुळईच्या सांध्यावरची आडवी भेग सहसा इमारतीला धोका दाखवत नाही. पाणी मात्र तिथून आत येते. परंतु तुळईत किंवा खांबात सळईच्या रेषेत भेग धावत असेल, तपकिरी ओघळ उतरले असतील, तर आतली सळई गंजते आहे असे समजावे. तुळईच्या टोकाशी तिरकी भेग दिसल्यास अभियंत्याला दाखविल्याशिवाय विसार देऊ नये. हे सारे पाहण्याची सर्वांत प्रामाणिक जागा म्हणजे वाहनतळ. तिथे सजावट नसते.

उतार कापून बांधलेल्या संकुलात मागची संरक्षक भिंतही पाहावी. तिच्यातली पाणी निचरणारी छिद्रे बुजली असतील, तर डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्याचा दाब भिंतीवर येतो.

जुन्या इमारतीत सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. नव्या इमारतीत 2016 च्या रेरा कायद्यानुसार, ताब्यापासून 5 वर्षांत संरचनात्मक दोष कळविल्यास विकासकाने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. मात्र सुटीपुरते उघडणारे घर पावसाळाभर कुलूपबंद राहते. गळती कुणी पाहत नाही आणि मुदत सरत जाते.