चौकटीत मावलेली गोष्ट

दगडात गोष्ट कोरायची रीत आम्हा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकरांना नवी नाही. हलशीचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ आमच्याच तालुक्यातलं, आणि वीरगळ तर सीमाभागात गावोगाव. खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. पण एवढं सांगायला वीरगळाला तीन कप्पे लागतात. एकाच चौकटीत आधीचं आणि पुढचं दोन्ही सुचवायचं, हे काम अवघड. ते ज्यांनी आयुष्यभर केलं ते हास्यचित्रकार शि. द. फडणीस आपल्याच मुलखातले, निपाणीजवळच्या भोजचे. जन्म २९ जुलै १९२५.

मुंबईच्या जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकून ते मासिकांकडे वळले, तेव्हा हास्यचित्रातला विनोद बहुधा खालच्या संवादात असायचा. चित्र नुसतं सोबतीला. ‘हंस’, ‘मोहिनी’चे संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांना मुखपृष्ठं दिली आणि गणितच बदललं. मुखपृष्ठाला खालच्या ओळीचा आधार नसतो. जे काय सांगायचं ते चित्रानंच.

१९५२च्या ‘मोहिनी’चं मुखपृष्ठ आजही जुने वाचक काढून दाखवतात. बसथांब्यावर एक तरुण, एक तरुणी. तिच्या साडीवर मांजरांची नक्षी, त्याच्या शर्टावर उंदरांची. माणसं आपली बसची वाट बघताहेत, पण उंदरांनी धोका ओळखलाय. बस आल्यावर दोघं शेजारी बसले तर काय होईल? ते चित्रात नाही, ते बघणाऱ्यानं रंगवायचं. फडणिसांची खुबी हीच: घटना घडायच्या जरा आधी थांबायचं.

पुढे १९६५मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनात ‘हसरी गॅलरी’ लागली. पु. लं.च्या ‘अपूर्वाई’ला त्यांची रेषा लाभली, गणिताच्या पाठ्यपुस्तकांतही त्यांची चित्रं आली आणि आकडेमोडीला हसू फुटलं.

फडणिसांच्या बिनशब्द चित्रांचं एक आम्हाला जास्त जाणवतं. १ नोव्हेंबर १९५६ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून इथं डोकी तापतात. त्याच मातीतल्या माणसाची चित्रं मराठी घराला आणि शेजारच्या कन्नड घराला एकाच वेळी कळतात, मधे दुभाषा लागत नाही. बंगळूरच्या भारतीय व्यंगचित्रकार संस्थेनं त्यांना जीवनगौरव पुरस्कार दिला, त्यातही हेच दिसतं.

२०२५मध्ये फडणिसांनी शंभरी गाठली. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, जत्रेतला फोटो घटकेत गावभर फिरतो, आणि फोटोपेक्षा त्याखालचा मजकूरच लांब असतो. फोटो काढणाऱ्या आमच्या पोरांनी फडणिसांची खुबी अशी आजमावून बघावी: मजकूर पुसून टाकावा आणि फोटो अनोळखी माणसाच्या हातात द्यावा. त्यानं ‘मग पुढं काय झालं?’ विचारलं तर फोटो जमला. ‘हे कोण?’ विचारलं तर अजून शिकायचंय.