जाड पत्र्याची तीस वर्षं

सर्व्हर जुळवायचा म्हटलं की कोटेशनमध्ये वर प्रोसेसर असतो, त्याखाली मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि अगदी तळाशी एक ओळ: 'कॅबिनेट, एसएमपीएससह'. कंपनीचं नाव नाही, मापं नाहीत, पत्र्याची जाडी तर नाहीच. भाव कमी करायची वेळ आली की पहिली कात्री याच ओळीला लागते. छापखाने, दवाखाने, पतसंस्था, शाळा अशा ठिकाणचे लहान सर्व्हर जुळवताना आणि पुढे दुरुस्तीसाठी उघडताना माझं मत बरोबर उलट होत गेलं. लहान संस्थेने आधी कॅबिनेट ठरवावं, ते ऐसपैस आणि दणकट घ्यावं आणि उरलेल्या पैशांत बाकीचं बसवावं. गेल्या तीस वर्षांत हे लोखंडी खोकं कसकसं बदललं ते पाहिलं की या मताला बळच मिळतं.

सुरुवात 1995 पासून करावी लागते. त्याआधीची कॅबिनेटं आयबीएमच्या 1984 सालच्या पीसी-एटीच्या वळणाची. पत्रा जाड, रंग पिवळट करडा, आतल्या कडा न घासलेल्या. रॅम बदलायला हात घातला की बोटाला चिरा पडायच्याच. समोरच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्ट घेऊन चार तारांची जाड केबल यायची, त्यामुळे झाकण काढून काम करताना आधी प्लग काढलाय ना हे दोनदा बघावं लागे. पण ती खोकी वाकत नसत. आडव्या कॅबिनेटवर चौदा इंची मॉनिटर वर्षानुवर्षं बसलेला असायचा आणि खालचं झाकण तरीही सहज सरकायचं.

1995 मध्ये इंटेलने एटीएक्स ही मांडणी जाहीर केली. बोर्ड 305 बाय 244 मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी, मागची जोडण्यांची खिडकी 158.75 बाय 44.45 मिलिमीटर. वरवर पाहता हा रुक्ष तपशील, पण माझ्या मते घरगुती आणि लहान सर्व्हरच्या इतिहासातली सगळ्यात उपकारक गोष्ट हीच. त्यानंतर रॅमच्या पिढ्या एसडीरॅमपासून डीडीआर5 पर्यंत गेल्या, आयडीईच्या रुंद पट्ट्या जाऊन साटाच्या बारीक केबली आल्या, प्रोसेसरच्या सॉकेटांची तर गणतीच नाही. ही भोकं मात्र जागची हलली नाहीत. 2004 च्या सुमारास इंटेलने स्वतःच बीटीएक्स नावाची वेगळी मांडणी आणून पाहिली आणि दोनेक वर्षांत तिचा नाद सोडला. म्हणून 2000 साली घेतलेल्या चांगल्या एटीएक्स कॅबिनेटमध्ये आज आणलेला बोर्ड त्याच पितळी स्टडवर बसतो आणि आजचा नेहमीच्या मापाचा एसएमपीएस त्याच चार स्क्रूंनी मागे लागतो. सर्व्हरमधली ही एकच वस्तू अशी, जिची किंमत तीन-चार मशिनांवर वाटून जाते. तिच्यातच काटकसर करायची पद्धत आपल्याकडे का पडली, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याचं एक कारण बाजारातच होतं. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा जिल्ह्याच्या गावातल्या दुकानात काय, स्वस्त कॅबिनेट एसएमपीएससकट मिळायचं. दोन्हींची मिळून एक किंमत, त्यामुळे कशाला किती पैसे गेले हे गिऱ्हाइकाला कळत नसे. स्टिकरवर 450 वॉट लिहिलेला पण हातात घेतला तर पोकळ वाटणारा एसएमपीएस आणि अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा. टेबलावर चार तास चालणाऱ्या मशिनला ते चालून गेलं. रात्रंदिवस चालणाऱ्या सर्व्हरलाही लोकांनी तेच लावलं.

मग 2004 च्या आसपास उष्णतेचा काळ आला. प्रेस्कॉट नावाने ओळखला जाणारा पेंटियम 4 शंभर वॉटच्या पुढे गेला. कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला जाळीदार भोक आणि त्यातून थेट प्रोसेसरवर उतरणारं प्लॅस्टिकचं नळकांडं, हे दृश्य त्या वर्षांत कॅबिनेट विकत घेतलेल्या कुणालाही आठवेल. ती इंटेलने सुचवलेली रचना होती. बाहेर 35 अंश धरून प्रोसेसरपाशी येणारी हवा 38 अंशांच्या वर जाऊ नये, हा हिशेब. आता 35 अंश म्हणजे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला रात्रीचा गारवा. त्यात तेव्हा महाराष्ट्रात भारनियमन जोरात. सर्व्हर यूपीएसवर चालू राही, खोलीतला पंखा आणि एसी बंद. कागदावरचा तीन अंशांचा हिशेब तिथे टिकणं शक्यच नव्हतं.

बाजूच्या त्या भोकाला फिल्टर नसे. मागच्या कार्डांच्या जागेच्या पट्ट्या अनेक स्वस्त कॅबिनेटांत एकदा तोडून काढल्या की परत बसवता येत नसत, त्यामुळे तिथे कायमची खिंडारं. आत काय काय सापडायचं ते ज्यांनी अशी मशिनं उघडली आहेत त्यांना ठाऊक आहे. धुळीचा नमदा, झुरळं, एसएमपीएसमध्ये चिकटून वाळलेली पाल, उंदरांनी कुरतडलेली पंख्याची वायर. कोकणात दमट हवेने स्क्रूची डोकी गंजून जात आणि पातळ पत्र्यातले आटे तर पहिल्या-दुसऱ्या खेपेलाच झिजत. चांगल्या कॅबिनेटची ओळख मला तिथेच पटली. ज्याच्या मागच्या पट्ट्या स्क्रूने लागतात, समोरची जाळी धुता येते, आणि ज्यात 80 मिलिमीटरच्या किंचाळणाऱ्या पंख्याऐवजी 120 चे दोन पंखे सावकाश फिरून तेवढीच हवा आणतात, ते आतून निम्मंही मळत नाही. पण मोठा पंखा लावायला मोठा दर्शनी भाग लागतो, आणि हवा अडू नये म्हणून आत मोकळी जागा लागते. ही दोन्ही ऐसपैसपणाशिवाय येत नाहीत.

या मताला एक उत्तर नेहमी दिलं जातं: गूगलने तर कॅबिनेटच टाकून दिलं. खरं आहे. 1996 मध्ये स्टॅनफर्डला लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी चार-चार जीबीच्या दहा डिस्क लेगोच्या ठोकळ्यांच्या खोक्यात बसवल्या होत्या. 1999 मध्ये त्यांनी एकेका ट्रेवर चार-चार मदरबोर्ड उघडे मांडले, खाली शॉर्ट होऊ नये म्हणून बुचाचा थर. तो सर्व्हर आता अमेरिकेत संग्रहालयात आहे. पण त्यांच्याकडे अशी हजारो मशिनं होती, एक मेलं तर दुसरं त्याचं काम उचलत असे. पतसंस्थेकडे एकच असतं. शिवाय मोठ्यांच्याच वाटेने पुढे गेलं तर काय दिसतं? 2011 मध्ये फेसबुकने ओपन कंप्यूट प्रकल्पात स्वतःच्या सर्व्हरचे आराखडे खुले केले. त्यात रंग नाही, बोधचिन्हाची पाटी नाही, समोर शोभेचं झाकण नाही. सगळी काटकसर केलेली. उंची मात्र त्यांनी वाढवली. रॅकमधला नेहमीचा सर्व्हर एक 'यू', म्हणजे 44.45 मिलिमीटर उंच असतो. यांनी दीड यू घेतली, कारण 40 मिलिमीटरच्या पंख्यांऐवजी 60 चे बसवता यावेत आणि प्रोसेसरवरचा ॲल्युमिनियमचा ठोकळा उंच करता यावा. पै-पैचा हिशेब करणाऱ्यांनीही जागेवर खर्च केला, याला मी फार महत्त्व देतो.

जागेइतकीच महत्त्वाची मजबुती, आणि तिच्याकडे लक्ष गेलं ते डिस्कमुळे. 7200 फेऱ्यांची डिस्क सेकंदाला 120 वेळा फिरते. एक असेल तर प्रश्न नाही. पातळ पत्र्याच्या एकाच पिंजऱ्यात चार-सहा डिस्क लावल्या की एकीचा थरार दुसरीला पोचतो, वाचणारं टोक मार्गावरून ढळतं, पुन्हा प्रयत्न करतं, आणि सर्व्हर 'हळू झाला' अशी तक्रार येते. 31 डिसेंबर 2008 ला सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगचा एक व्हिडिओ आला. डेटा सेंटरमध्ये तो डिस्कच्या रांगेसमोर तोंड नेऊन जोरात ओरडतो, आणि पडद्यावरच्या आलेखात प्रतिसादाचा वेळ त्याच क्षणी उसळी घेतो. 2016 च्या सप्टेंबरात बुखारेस्टला आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. वायू सुटतानाच्या प्रचंड आवाजाने डिस्क बिघडल्या आणि बँकेचे व्यवहार सुमारे दहा तास अडले. डिस्क इतकी नाजूक असते.

उष्णतेबद्दल मात्र आपल्या समजुतीला थोडी मुरड घालावी लागली. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 मध्ये एक लाखाहून जास्त डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. तीत मध्यम तापमान आणि डिस्क जाणं यांचा संबंध मानतात तेवढा घट्ट निघाला नाही; फार तापलेल्या आणि जुन्या झालेल्या डिस्कमध्ये फरक दिसला. म्हणून मी आता पंख्यांची संख्या मोजत बसत नाही. डिस्कचा पिंजरा चौकटीला किती घट्ट जोडला आहे, ट्रेला रबरी वॉशर आहेत का, हे आधी पाहतो.

ऐसपैस आणि मजबूत या दोन्ही गोष्टींचं सगळ्यात निरोगी उदाहरण 2009 सालचं. बॅकब्लेझ या ऑनलाइन साठवणीच्या अमेरिकी कंपनीने बाजारात मनासारखं खोकं मिळेना म्हणून स्वतःच आखलं: चार यू उंची, लाल रंगाचा पत्रा, 45 डिस्क उभ्या लावलेल्या, 67 टीबी जागा, 7,867 डॉलर खर्च. आणि मग सगळा आराखडा जगाला फुकट वाटून टाकला. नुसत्या डिस्कचंच वजन 30 किलोच्या वर, त्यामुळे पत्र्याचा तळ वाकून चालणारच नव्हता. सनने 2006 मध्ये 48 डिस्कचा थंपर आणला होता, पण तो बड्या गिऱ्हाइकांसाठी. बॅकब्लेझचं खोकं पाहून कितीतरी लहान माणसांना पहिल्यांदा कळलं की सर्व्हर म्हणजे मुळात नीट विचार करून वाकवलेला पत्रा आहे. पुढे त्यांनीही तयार सर्व्हर विकत घ्यायला सुरुवात केली. आराखडे मात्र खुलेच राहिले.

त्यानंतरची वर्षं आपल्यासारख्यांना जड गेली. एसएसडी आली, सीडी-डीव्हीडीचे कप्पे गेले, आणि 2015 नंतर कॅबिनेटच्या बाजूला काच आली. काचेआड रंगीत दिवे दिसावेत म्हणून समोरचे डिस्कचे पिंजरे कापले गेले. आज दुकानात पाच कॅबिनेटं पाहिली तर चारांत साडेतीन इंची डिस्कला दोनच जागा सापडतात, त्याही एसएमपीएसच्या शेजारी, अंधारात. फ्रॅक्टल डिझाइनचं 2020 सालचं डिफाइन 7 एक्सएल अजून 18 डिस्कपर्यंत जाऊ देतं, पण बरेचसे ट्रे वेगळे विकत घ्यावे लागतात. जुनं दणकट कॅबिनेट वापरायचं तर आणखी एक खोच आहे. सहा-आठ टीबीच्या पुढच्या अनेक डिस्कच्या तळाची मधली भोकं नाहीशी झाली आहेत, त्यामुळे जुन्या ट्रेत त्यांना चारऐवजी दोनच स्क्रू लागतात. हे पैसे देण्याआधी तपासावं.

रॅकच्या मोहाबद्दलही सांगायला हवं. भिंतीवर टांगायचा नेटवर्कचा रॅक साधारण 550 ते 600 मिलिमीटर खोल असतो आणि बरेच सर्व्हर त्याहून लांब भरतात. लहान कचेरीत उभं राहणारं आणि लागलं तर आडवं करून रॅकमध्ये सरकणारं सुपरमायक्रोच्या 743 सारखं कॅबिनेट बरं. आठ डिस्क पुढून ओढून काढता येतात, मशीन बंद न करता. अडीअडचणीला रात्री अकरा वाजता येणाऱ्या माणसाचे श्रम त्यात वाचतात, आणि तो घाईत चुकीची केबल उपटण्याचा धोकाही टळतो.

कॅबिनेट घ्यायला जाल तेव्हा फोटोवर जाऊ नका. टेप सोबत न्या. 'एटीएक्स' लिहिलेल्या खोक्यात दोन प्रोसेसरचा 330 मिलिमीटर रुंद बोर्ड बसतोच असं नाही. बोर्डाच्या कडेपासून डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत केबल वळायला चार बोटं जागा उरते का ते मोजा. पत्रा 0.8 मिलिमीटर तरी असावा, तळ आणि चौकट एक मिलिमीटरची मिळाली तर उत्तम. एसएमपीएस वेगळा घ्या. दोन्ही बाजूंची झाकणं काढायला लावा आणि उघडं कॅबिनेट एका कोपऱ्याला धरून उचलून पाहा. चौकट पिळली तर ते खाली ठेवा आणि दुसरं मागा.