दगड एकच, डबे दोन

त्याचं असं झालं. आठवड्यातले तीन दिवस मी शाळेत अर्धवेळ शिकवायला जाते. सातवीच्या वर्गावर सामान्यज्ञानाचा तास होता. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडं लिहिलं ‘सांस्कृतिक’, उजवीकडं ‘नैसर्गिक’. आपल्या देशातल्या जागतिक वारसा स्थळांची आणि त्या मानासाठी रांगेत उभ्या असलेल्या स्थळांची नावं मी वाचायची अन् मुलांनी बाजू सांगायची, असा खेळ. ताजमहाल डावीकडं, काझीरंगा उजवीकडं. महाबळेश्वर-पाचगणीचे डोंगर उजवीकडं. वेरूळ म्हटल्याबरोबर सगळा वर्ग ओरडला, “डावीकडं!”

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, वेरूळ पण डोंगरच आहे ना? मग एक डोंगर इकडं अन् एक तिकडं कसा?”

“अगं, वेरूळला माणसानं कोरलंय,” मी म्हटलं खरं, पण माझं मलाच ते उत्तर अपुरं वाटलं. नशीब, घंटा झाली! “उद्या सांगते,” म्हणून मी सुटका करून घेतली.

घरी आले तर इथं वेगळाच घोळ. स्वयंपाकघराचा ओटा नवा करायचा म्हणून सामान बाहेर काढलेलं. मिक्सर आल्यापासून आमचा पाटा-वरवंटा मागच्या दारी पडून असतो. तो आता देऊनच टाकावा, असं माझं मत. सासूबाई मात्र पाट्याजवळ पदर खोचून उभ्या. मी म्हटलं, “अहो आई, दगडच तर आहे तो!”

“दगड रानात असतो,” सासूबाई म्हणाल्या. “ह्याला टाकी लागली, तेव्हा ह्याचा पाटा झाला.”

मैत्रिणींनो, खरं सांगते, बी.ए.ला इतिहास शिकून जे मला वर्गात सांगता आलं नाही, ते सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं.

एकाच पाषाणाच्या तीन तऱ्हा

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. थरावर थर साचले, निवले, त्यांचा काळा पाषाण झाला. आपल्याकडचे पाटे, जाती ह्याच दगडाची. वेरूळ, अजिंठ्याचे डोंगर ह्याच दगडाचे. रायगड, राजगड, शिवनेरीही त्याचेच आणि महाबळेश्वरचे कडे अन् पाचगणीचं टेबललँडही त्याचंच.

आता गंमत पाहा. वेरूळला राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेणं कोरलं गेलं. आधी कळस, मग पाया, असं वरून खाली. एवढं मोठं देऊळ, पण त्याला कुठं दगडावर दगड रचलेला नाही. तिथल्या चौतीस लेण्यांत बारा बौद्ध, सतरा हिंदू आणि पाच जैन आहेत. त्या जागेचं मोल टाकीचं आणि टाकी चालवणाऱ्या हातांचं आहे. म्हणून अजिंठा आणि वेरूळ 1983 साली जागतिक वारसा यादीत गेले ते ‘सांस्कृतिक’ म्हणून.

शिवकालीन किल्ल्यांचंही तसंच. 2025 साली बारा किल्ले एकत्रितपणे यादीत गेले, अकरा आपल्या महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. डोंगर, समुद्र, जंगल यांचा राज्याच्या रक्षणासाठी कसा उपयोग करून घेतला, ते मोल. तेही सांस्कृतिकच.

महाबळेश्वर-पाचगणीची गोष्ट वेगळी. तिथं पाहायचं आहे ते लाव्हाचे थर. पृथ्वीनं स्वतःच लिहून ठेवलेली रोजनिशीच ती. ते डोंगर 2025 साली संभाव्य यादीत गेले ते ‘नैसर्गिक’ म्हणून.

म्हणजे, जागा कशाची बनली आहे हे पाहून डबा ठरत नाही. ती कशासाठी जपायची, ह्यावर ठरतो. आपणही घरात तेच करतो. हळद एकच, पण फोडणीची मसाल्याच्या डब्यात आणि पूजेची करंड्यात.

संभाव्य यादी म्हणजे काय?

आपल्या बायकांना हे समजायला मुळीच अवघड नाही. मुलगी लग्नाची झाली की आपण स्थळांची यादी करतो. यादीत नाव आलं म्हणजे लग्न ठरलं, असं थोडंच असतं? ह्या स्थळांचंही तसंच! कोणतंही ठिकाण आधी देशाच्या संभाव्य यादीत निदान वर्षभर असावं लागतं. मग त्याचा मोठा प्रस्ताव करायचा. त्यानंतर पाहणी. सांस्कृतिक असेल तर ‘इकोमॉस’ ही संस्था पारखते, नैसर्गिक असेल तर ‘आययूसीएन’. शेवटी युनेस्कोची समिती निर्णय देते.

कसोट्या एकूण दहा. पहिल्या सहा सांस्कृतिक, उरलेल्या चार निसर्गाच्या. दहातली एक जरी पुरी झाली तरी चालतं, पण ती साऱ्या जगाला पटली पाहिजे. दोन्ही बाजूंच्या कसोट्यांना उतरलं तर ते ठिकाण ‘मिश्र’. असं आपल्या देशात एकच आहे, सिक्कीममधलं कांचनजंगा राष्ट्रीय उद्यान (2016). तिथं हिमशिखरं आणि वनसंपदा तर आहेच, शिवाय तो पर्वत तिथल्या लोकांचं दैवत आहे.

2025 अखेरचा हिशेब असा: यादीत गेलेली चव्वेचाळीस ठिकाणं, त्यांत छत्तीस सांस्कृतिक, सात नैसर्गिक, एक मिश्र. संभाव्य यादीत एकोणसत्तर, त्यांत एकोणपन्नास सांस्कृतिक, सतरा नैसर्गिक, तीन मिश्र.

डबा चुकल्यासारखा वाटतो, पण…

काही नावं पाहून आपण फसतो. कोकणातल्या कातळशिल्पांचंच घ्या. रत्नागिरी, सिंधुदुर्गात जांभ्या दगडाचे मोठाले सडे आहेत. त्यांवर फार प्राचीन काळच्या माणसांनी प्राणी, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. उघडा माळ, वर आभाळ, भिंत ना छप्पर. तरी 2022 साली ती संभाव्य यादीत गेली ती सांस्कृतिक म्हणून. इथंही मोल टाकीचंच.

याच्या उलट राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव. तिथली पाणथळ जागा राजेलोकांनी बांध घालून, पाणी वळवून केली, तीही बदकांच्या शिकारीसाठी. म्हणजे माणसाचीच करणी. पण थंडीत तिथं दूरदेशीचे पक्षी हजारोंनी उतरतात. त्या पक्ष्यांसाठी ते 1985 साली यादीत गेलं ते नैसर्गिक म्हणून.

हे वाचलं अन् मला आमचा नाथसागर आठवला. आमचं बिडकीन पैठणच्या रस्त्यावर. इकडं गेलं की शहर आणि पुढं वेरूळ, तिकडं गेलं की पैठण आणि जायकवाडी. धरण माणसांनी बांधलं, 1976 साली पुरं झालं, कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पण पक्ष्यांना कुणी आवतण दिलं नव्हतं. ते आपणहून आले आणि 1986 साली तिथं पक्षी अभयारण्य झालं. नाथसागर काही जागतिक यादीत नाही. पण हिवाळ्यात त्या काठावर उभं राहिलं की डाव्या-उजव्या रकान्याची रेघ पुसट होते एवढं खरं.

एक मात्र आपण लक्षात ठेवायला हवं. डबा निवडला तो यादीच्या सोयीसाठी. जपताना दोन्ही बाजू जपाव्या लागतात. अजिंठ्याची चित्रं सांस्कृतिक, पण त्यांना हवेतली ओल बाधते. वाघूर नदीचं ते वळण, तो डोंगर राखल्याशिवाय चित्रं कशी राखणार? कास पठारावरची फुलं नैसर्गिक, 2012 साली पश्चिम घाटाबरोबर यादीत गेलेली. पण फोटोसाठी फुलांत बसकण मारणारी माणसं आवरली नाहीत, तर फुलं राहणार कशी?

तिसरा रकाना

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पाटा आणि डोंगर दोन्ही सांगितले. मुलांना पटलं. त्या मुलीनं पुन्हा हात वर केला. “मॅडम, मग आमचं रान कुठं लिहायचं?”

त्यांचं रान कारखान्यांसाठी गेलं. बिडकीनच्या भोवती आता औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते झालेत. पैसे मिळाले, घर पक्कं झालं, भावाला तिथंच काम मिळेल अशी आशाही आहे. तक्रार काही नव्हती तिच्या आवाजात. नुसतं विचारत होती. ती काळी माती म्हणजे त्याच लाव्हाच्या दगडाचं हजारो वर्षांत झालेलं पीठ. आणि तिच्यातले दगडगोटे वेचून, बांध घालून तिचं रान केलं ते तिच्या आजे-पणज्यांनी. निसर्गाची म्हणू की माणसाची? जगाच्या यादीत तिला जागा नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या मुलीला मी तसं सांगू शकले नाही.

मी फळ्यावर आणखी एक रेघ मारली. तिसऱ्या रकान्यावर लिहिलं ‘आपलं’. प्रत्येकानं घरची किंवा गावची एक गोष्ट लिहायची आणि ती का जपायची ते एका ओळीत सांगायचं. कुणी आजीचा माग लिहिला, कुणी आडावरचा पिंपळ. त्या मुलीनं आपल्या रानाचं नाव लिहिलं. त्यांच्या घरात त्या रानाला एक नाव होतं, ते मला त्या दिवशी कळलं. कारणाची ओळ तिनं कोरीच ठेवली. मीही भर म्हटलं नाही.

संध्याकाळी ओट्याचं मोजमाप घ्यायला मिस्त्री आले. मी त्यांना खाली कोपऱ्यात दीड हात जागा मोकळी सोडायला सांगितली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटा धुऊन मात्र ठेवला होता.

सहलीला निघताना

• वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात. वार पाहूनच बेत ठरवा.

• अजिंठ्याच्या चित्रांवर फ्लॅश मारू नका, भिंतींना हात लावू नका. मुलांना आधीच बजावून ठेवा.

• कासला फुलांचा बहर साधारण सप्टेंबरात असतो. पायवाट सोडून फुलांत शिरू नका.

• वाटेत मुलांना एकच प्रश्न विचारा, “ही जागा कशासाठी जपायची?” उत्तर आलं की डबा आपोआप सापडतो.